माळ्यावरच्या पाईपच्या खुर्च्या: भंगारात द्यायच्या, क्रोम करायच्या की तशाच ठेवायच्या?

साखरपेठी (धागालेखक)

नमस्कार मंडळी,

सोलापूरच्या साखर पेठेतलं आमचं जुनं घर पाडायला काढलंय, महिनाभरात रिकामं करून द्यायचंय. काल माळा उतरवताना चार पाईपच्या खुर्च्या खाली आल्या. ह्यांना मागचे पाय नाहीतच. एकच पाईप पाठीवरनं खाली येतो, बैठकीच्या कडेनं पुढं जातो, गुडघ्यापाशी वळून जमिनीवर उतरतो, जमिनीवरनंच मागं जातो आणि दुसऱ्या बाजूनं तसाच परत वर चढतो. बसलं की खुर्ची किंचित खाली दबते आणि उठलं की वर येते, लहानपणी आम्ही ह्यांच्यावर बसायला भांडायचो.

आजोबा मिलच्या ऑफिसात होते. आजी आता नव्वदीला टेकलीय, ती सांगते की १९५९ च्या गड्ड्याच्या जत्रेआधी ह्या घरात आल्या, म्हणजे संक्रांतीला पाहुणे आले तेव्हा पहिल्यांदा सगळे खुर्चीवर बसले, तोवर घोंगडी अंथरायचे. सोबत एक तारेचं कुंडी ठेवायचं स्टँड आहे, तीन पाय, खाली लाकडाचे गोळे. आणि एक पितळेचा उथळ ट्रे, त्याच्या कडीला वेत गुंडाळलाय.

खुर्च्यांचं क्रोम जागोजागी फुगलंय. बैठकीचं जाड सुती कापड फाटून लोंबतंय. भंगारवाल्यानं चारी मिळून वजन केलं, साडेबावीस किलो भरलं, आणि तो उद्या येतो म्हणालाय. मी त्याला थांब म्हणून सांगितलं पण घरात सगळे माझ्यावर चिडलेत की नवीन फ्लॅटमध्ये ही अडगळ कशाला.

मला ह्या टाकवत नाहीत. नीट कसं करायचं आणि कुणाकडनं, एवढं सांगा.

लेथवाला_एमआयडीसी

मालक, भंगारवाल्याला अजिबात बोलवू नका. सकाळी पहिलं काम म्हणजे पाईपच्या टोकाची टोपी काढा, नसेल तर जमिनीकडच्या बाजूला स्क्रूचं भोक असतंय तिथनं बघा, आणि आतनं बोट फिरवा. आत लांबीला एक बारीक उंचवटा लागला तर पट्टी वळवून वेल्डिंग केलेली नळी, न लागला तर बिनजोड नळी. आणि वळणापाशी बघा पाईप चपटा झालाय का.

चुंबकाला चिकटतंय म्हणजे लोखंड, ते तर वजनावरनं कळतंयच. रंगाकडं नीट बघा. क्रोम निळसर पांढरं दिसतंय, निकेल थोडं पिवळट. बऱ्याच जुन्या मालावर खाली निकेल आणि वर क्रोमचा अगदी पातळ थर असतो, क्रोम झिजलं की आतलं पिवळट निकेल दिसायला लागतं आणि निकेलला भोकं पडली की मग गंज वर येतो.

साखरपेठी

@लेथवाला_एमआयडीसी, बघितलं. आत बारीक रेघ लागते बोटाला. वळणं मात्र एकदम गोल, कुठंही चपटी नाहीत. रंग झिजलेल्या ठिकाणी पिवळट दिसतोय.

लेथवाला_एमआयडीसी

मग ही वाळू भरून वाकवलेली असणार, किंवा बेंडिंगच्या डायवर. माझ्या वडिलांच्या वर्कशॉपमध्ये मी स्वतः बघितलंय. पाईपचं एक टोक लाकडी खुंटीनं बंद करायचं, वाळू कोरडी ठणठणीत करून भरायची, ठोकत ठोकत भरायची म्हणजे आत पोकळी राहत नाही, मग दुसरं टोक बंद करायचं आणि भट्टीवर तापवून खाचेत घालून वाकवायचं. वाळू ओली राहिली तर आत वाफ धरून खुंटी गोळीसारखी सुटते, म्हणून आम्हा पोरांना लांब उभं करायचे. वाकवताना पाईपची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते, आणि आतली वाळू भिंतीला बसू देत नाही. चारी खुर्च्यांचं वळण एकसारखं आलं असेल तर करणाऱ्याचा हात बसलेला होता.

वेस_ते_वेस

छान धागा. थोडी भर घालतो. बिनपायाची म्हणजे मागचे पाय नसलेली खुर्ची ही कल्पना १९२६ ची. मार्ट स्टाम ह्या डच वास्तुशिल्पीनं गॅसच्या नळ्या आणि कोपरं जोडून पहिला नमुना केला आणि १९२७ ला स्टुटगार्टच्या घरांच्या प्रदर्शनात ती खुर्ची लोकांसमोर आली. त्याची खुर्ची ताठ होती, झुलायची नाही. मिस व्हान डेर रोह ह्या जर्मन वास्तुशिल्पीनं त्याच प्रदर्शनात वळणदार पाईपची, झुलणारी मांडली. आणि मार्सेल ब्रॉयर तर त्याच्याही आधी, १९२५ ला, जर्मनीतल्या डेसाऊच्या बाउहाउस ह्या डिझाईनच्या शाळेत असताना, स्वतःच्या सायकलचं हँडल बघून नळीच्या फर्निचरकडं वळला. त्याच्या सुरुवातीच्या खुर्च्यांवर निकेलच होतं, क्रोम नंतर आलं. १९२८ ची त्याची वेताची जाळी लावलेली खुर्ची आज जगभर दिसते, तिला सेस्का हे नाव खूप नंतर, साठच्या दशकात, त्याच्या मुलीच्या फ्रान्चेस्का ह्या नावावरनं मिळालं.

मागचे पाय नसलेल्या खुर्चीचा हक्क कुणाचा ह्यावरनं जर्मनीत कोर्टात भांडणं झाली आणि १९३२ ला तो मान स्टामला मिळाला. एका वाकवलेल्या पाईपसाठी माणसं इतकी झगडली हे मला फार भारी वाटतं.

हिशेबाचीवही

सगळं ठीक, पण मला एक खटकतंय. आपल्याकडच्या लोखंडी वस्तूंचं बोलायचं म्हटलं की लगेच जर्मनी फ्रान्स का निघतं. माझ्या आईनं १९६४ ला स्टीलचं कपाट घेतलं ते कुठल्या शाळेचं डिझाईन बघून नाही घेतलं. आमच्या लाकडी कपाटाला वाळवी लागली, आईच्या लग्नातला शालू पोखरला गेला, म्हणून घेतलं. लाकडी खाटेच्या खाचेत, सांध्यात ढेकूण व्हायचे, दर उन्हाळ्यात खाट अंगणात काढून उकळतं पाणी ओतायचं, तरी दिवाळीपर्यंत परत. लोखंडी पलंग आल्यावर ते बंद झालं. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत ही किती मोठी गोष्ट होती ते ज्यांनी ढेकणांत रात्री काढल्यात त्यांना विचारा.

गोदरेजनी पोलादी कपाटं १९२३ पासून बनवली. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या बऱ्याच मतपेट्या त्यांनी विक्रोळीत पत्रा वाकवूनच केल्या. आपला आधुनिकपणा इथनं सुरू होतो, माझं तरी असं मत आहे.

वेस_ते_वेस

हिशेबाचीवही, तुमचं वाळवी आणि ढेकणांचं शंभर टक्के पटलं आणि ते त्या लोकांच्या विरोधात नाहीच. तिकडंही पोलादी नळीचं कौतुक सुरुवातीला ह्याच कारणानं झालं, पुसता येते, सांध्यात घाण बसत नाही, हलकी आहे, उचलून खाली झाडता येतं. दवाखान्यातलं सामान आधी लोखंडी झालं आणि मग घरातलं.

कडकभाकरी

मी होटगी रोडची, आता पुण्यात. आमच्याकडं पाईपच्या खुर्च्यांना प्लास्टिकची वायर विणलेली होती, हिरवी आणि पांढरी, आई दर दोन वर्षांनी स्वतः विणायची, पायानं वायर ताणून धरायची आणि मी दुसरीकडनं ओढायची. मे महिन्यात पारा त्रेचाळीस चव्वेचाळीसला गेला की गच्चीवर राहिलेल्या खुर्चीचा पाईप हाताला चटका द्यायचा. मग जुनी चादर चौघडी करून टाकायची, सोलापुरी चादर, तिच्यावर बसायचं. नंतर कळलं की शेजारच्या प्रत्येक घरात असंच होतं. पाईप कुठनं का आलेला असेना, त्याच्यावर चादर आपलीच.

साखरपेठीदादा, ह्या खुर्च्या देऊ नका हो. आमच्या आईनं दिल्या आणि आता मी तिच्या विणीचा एक फोटो शोधतेय तर तोसुद्धा मिळत नाही.

पत्र्याचीपेटी

+१, वाचनखूण साठवली. कुंडीच्या स्टँडबद्दल कुणीतरी लिहा ना.

वेस_ते_वेस

लिहितो. तारेच्या वस्तूंची पन्नाशीत लाट आली. हॅरी बर्तोया, मूळचा इटलीचा, अमेरिकेत दागिने आणि धातुकाम शिकवायचा, त्यानं १९५२ ला तारेच्या खुर्च्या केल्या. नुसती लोखंडी सळई हिऱ्याच्या आकारात जाळीसारखी वाकवून वेल्ड केलेली. बघताना खुर्चीतनं पलीकडची भिंत दिसते. कंपनीनं मशीनवर करून बघितल्या पण हातानं तार वाकवून साच्यात बसवून वेल्ड करणंच सोपं पडलं. त्या खुर्च्यांच्या पैशावर बर्तोया नंतर आयुष्यभर शिल्पं करत राहिला, वाऱ्यानं किंवा हातानं वाजणाऱ्या सळयांची.

आणि खालचे लाकडी गोळे म्हणता तर लंडनच्या १९५१ च्या मोठ्या प्रदर्शनासाठी अर्नेस्ट रेसनं सळईची खुर्ची केली, तिच्या पायांना असेच गोळे होते. तेव्हा अणू रेणूंची चित्रं सगळीकडं होती, घड्याळापासनं कोट अडकवायच्या खुंट्यांपर्यंत सळई आणि तिच्या टोकाला गोळा. तुमचं स्टँड त्याच काळचं दिसतंय.

ह्या रेसची एक गोष्ट सोलापूरकरांना आवडेल. तो १९३७ ला मद्रासला आला होता. त्याची एक नातेवाईक बाई तिथं मिशनरी होती आणि विणकामाचं केंद्र चालवायची. त्यानं डिझाईन काढायची, तिकडं विणून घ्यायची आणि लंडनला दुकानात विकायची. मग युद्ध झालं, लाकूड मिळेना, तेव्हा १९४५ ला त्यानं विमानांचं भंगार ॲल्युमिनियम वितळवून जेवणाच्या खुर्च्या ओतल्या. अशा अडीच लाखांच्या वर खुर्च्या निघाल्या. पण सुरुवात विणकामातनं.

बीम_आणि_धोटा

हे वाचून राहवलं नाही म्हणून पहिल्यांदा लिहालोय. आमचं घर पद्मशाली, म्हणजे विणकर, अशोक चौकाकडं, आजोबा हातमागावर, वडील पॉवरलूमवर, मी बी त्यातच. सगळेजण पाईप पाईप करालाय. पाईपवर कोण बसतंय का? बसतंय कापडावर. साखरपेठी अण्णांनी लिहिलंय की कापड फाटून लोंबतंय, आणि त्या कापडाबद्दल एकानं विचारलं नाही.

अण्णा, त्या कापडाचा जवळनं फोटो टाका. उभ्या धाग्याचा तुकडा उकलून बघा किती पदरी हाय. आणि धागा बोटांत घासला की चकाकतोय का, गुळगुळीत लागतोय का ते सांगा.

साखरपेठी

फोटो टाकलाय. उभा धागा उकलला तर तीन पदरी वाटतोय, आडवा दोन पदरी. कडेला, जिथं कापड पाईपखाली दुमडून दोरीनं आवळलंय, तिथला धागा अजून गुळगुळीत आहे, मेणासारखा. मधला मात्र खरखरीत. रंग बाहेरनं मातकट, दुमडलेल्या भागात गर्द निळा.

बीम_आणि_धोटा

मला वाटलंच. वेस_ते_वेस सर, तुम्ही बाउहाउसचं लिहिलं पण तिथल्या मागाचं राहिलं. माझी मुलगी टेक्स्टाईल शिकतीय, तिनं मला सांगितलं. ब्रॉयरच्या नळीच्या खुर्च्यांवर जे कापड होतं त्याच्या धाग्याला जर्मनमध्ये लोखंडी सूत म्हणायचे. लोखंड त्यात औषधालाही नाही, ते सुती सूतच. खळ म्हणजे कांजी आणि मेण पाजून, ब्रशनं घासून घासून चकचकीत करायचं, मग ते ताणाला तुटत नाही आणि झिजत नाही. ते सूत जुनंच होतं पण खुर्चीला पुरेल असं करून दिलं मार्गारेथा रायखार्ट नावाच्या विणकर बाईनं, ती तिथल्या विणकामाच्या वर्कशॉपमध्ये शिकत होती. खुर्चीवर नाव ब्रॉयरचं.

आता मला सांगा, खळ पाजणं हे सोलापूरला कुणी शिकवावं लागतंय का? ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्याला, खळ दिल्याशिवाय त्याचा बीम (गुंडाळलेला रूळ) मागावर चढत नाही. माझी आजी सकाळी कांजी शिजवायची आणि आजोबा ताणा रस्त्यावर पसरून ब्रश मारायचे, आख्खी गल्ली तेवढा वेळ बाजूनं चालायची. फरक एवढाच की कापडाची खळ नंतर धुऊन जाते, ह्या सुताची आत ठेवायची असते, वर मेण.

खुर्चीवरचं कापड तिकडनं आलं का हितं विणलं हे मी सांगणार नाही, पण तसं कापड मी विणून देऊ शकतो. माप द्या. बैठकीची रुंदी, पाठीची रुंदी, दुमडायला दोन्हीकडं किती.

लेथवाला_एमआयडीसी

वा. हे बरोबर. आणि ताण पण समजून घ्या, मागचे पाय नसल्यामुळं माणसाचं सगळं वजन पुढच्या वळणावर येतंय, तिथं पाईप स्प्रिंगसारखा काम करतोय. कापड ढिलं असलं तर माणूस मागं सरकून बसतो आणि त्या वळणावर जास्त जोर येतो. म्हणजे कापड नीट ताणलेलं असणं हे पाईपच्या आयुष्यासाठी पण लागतं. मी आधी हे लिहायला पाहिजे होतं.

आता क्रोमचं. पावडर कोटिंग करायचं कुणी सुचवेल, त्याला माझा विरोध. क्रोमवर पावडर धरत नाही, आधी क्रोम उतरवावं लागतं, मग फॉस्फेटिंग, म्हणजे रंग धरायला रसायनाचा थर, मग जवळजवळ दोनशे डिग्रीच्या भट्टीत. शेवटी ती कुठल्याही आजच्या कॅफेच्या खुर्चीसारखी दिसते. परत क्रोम करायचं तर जुना थर उतरवणं, खड्डे बफिंगनं काढणं, तांबं, निकेल, क्रोम. पाईप आधीच पातळ, बफिंगला अजून पातळ होणार, आणि पातळ कुठं होणार तर वळणाच्या बाहेरच्या बाजूला, जिथं तो वाकवतानाच ताणलेला आहे. शिवाय क्रोमच्या टाकीचं पाणी विषारी असतंय, ज्याच्याकडं त्याची नीट सोय नाही त्याच्याकडं काम देऊ नका.

माझं ऐका. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉईल घ्या, चुरगळून पाण्यात बुडवा आणि गंजावर हळूहळू घासा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ आहे म्हणून ओरखडा पडत नाही आणि गंज निघतो. काळं पाणी सुटेल, पुसत जा. मग कोरडं करून मेणाचं पॉलिश. फुगलेला क्रोम नखानं उचकटू नका.

साखरपेठी

एक खुर्ची करून बघितली. अडीच तास लागले. आजी शेजारी बसून बघत होती. निम्म्याच्या वर चकाकी परत आली, वळणांपाशी पिवळट ठिपके राहिले, ते मला आवडले. धाकट्या भावानं स्वतः येऊन दुसरी घासायला घेतली, काल हाच सगळ्यात जास्त ओरडत होता.

स्टँडला मात्र तीन चार रंग आहेत एकावर एक, खालचा फिकट पिवळा. तो घासून काढू का?

लेथवाला_एमआयडीसी

कोरडं घासू नका! त्या काळच्या रंगात शिसं असायचं, धूळ नाकात गेली की वाईट, घरात लहान मुलं असतील तर आणखीनच. ओला पॉलिश पेपर वापरा, बाहेर बसून, खाली प्लास्टिक अंथरून, तोंडाला नीट मास्क. नाहीतर तसाच ठेवा, नुसता पुसून. वेल्ड कुठं तुटलंय का तेवढं बघा.

पत्र्याचीपेटी

आणि तो पितळेचा ट्रे? चिंचेनं घासला तर एका मिनिटात लख्ख होईल.

कडकभाकरी

थांबा थांबा, चिंच लगेच नको. वेत गुंडाळलेल्या पितळेच्या वस्तूंवर पुष्कळदा लॅकरचा, म्हणजे पारदर्शक वार्निशसारखा, थर असतो. पितळ काही ठिकाणी लख्ख आणि काही ठिकाणी तपकिरी डाग असं असेल तर लॅकर उडालंय असं समजा, मग चिंचेनं ते आणखी चट्ट्यापट्ट्यांचं होतं. आणि वेतात आंबट पाणी मुरलं की वेत काळा पडून सुटतो. सगळीकडं एकसारखा तपकिरी असेल तर लॅकर नाही, मग कडी सोडून बाकीचं घासा, पण मी तर तेही करणार नाही. तो रंग यायला साठ वर्षं लागलीत.

वेस_ते_वेस

ताईंशी सहमत. व्हिएन्नाला कार्ल औबॉकच्या वर्कशॉपमध्ये अशा पितळ आणि वेताच्या वस्तू व्हायच्या, पेपरवेट, कागद कापायच्या सुऱ्या, ट्रे. आपल्याकडं मुरादाबादला पितळ होतंच. तुमचा ट्रे कुठला हे शिक्क्याशिवाय कुणी सांगू नये आणि सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

हिशेबाचीवही ह्यांच्यासाठी मुद्दाम एक. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन जोडपं, तारेच्या आणि ॲल्युमिनियमच्या खुर्च्या करणारं, सरकारनं बोलावलं म्हणून भारतात आलं आणि १९५८ ला त्यांनी अहवाल लिहिला, त्यातनं पुढं अहमदाबादची राष्ट्रीय डिझाईन संस्था उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी सगळ्यात जास्त जीव लावून लिहिलंय ते आपल्या लोट्यावर. तो डोक्यावर, कमरेवर कसा बसतो, ओतताना तोल कसा राहतो, रिकामा आणि भरलेला हाताला कसा लागतो, घासायला कसा पडतो, असं सगळं.

हिशेबाचीवही

हे माहीत नव्हतं. धन्यवाद. माझ्या आईचा लोटा अजून आहे, तोंडाशी पोचा आलाय, आज काढून बघतो.

साखरपेठी

अपडेट. बैठक रुंदी अठरा इंच, दोन्हीकडं दुमड चार-साडेचार इंच. बीम_आणि_धोटा अण्णा घरी येऊन माप घेऊन गेले, जुन्या कापडाचा दुमडलेला तुकडा नमुन्याला नेला. निळा रंग त्या दुमडीतल्यासारखाच पाहिजे असं आजीनं त्यांना तेलुगूत सांगितलं, मला आजवर माहीत नव्हतं की तिला इतकं चांगलं तेलुगू येतं, लहानपणी शेजारी शिकलेली म्हणाली.

बीम_आणि_धोटा

पहिला प्रयत्न फसला. मेण जास्त झालं, धागा मागाच्या फणीत चिकटायला लागला. दुसऱ्यांदा खळ पातळ केली आणि मेण वाळल्यावर वरनं घासलं, आता चाललंय. ताणा तीन पदरी, अण्णांच्या जुन्या तुकड्यासारखाच. पॉवरलूमवर नाही घेतलं, वडिलांचा हातमाग झाडून काढला, दोन वर्षं बंद होता.

साखरपेठी

काल दोन खुर्च्यांना कापड चढलं. लेथवालेदादा स्वतः आले, दोरी आवळायला चार हात लागतात म्हणाले, आणि खरंच लागले. कापड सुरुवातीला इतकं ताठ होतं की बसल्यावर करकरलं.

पहिली आजीला दिली. ती बसली, थोडी झुलली, आणि म्हणाली आधीची एवढी ताठ नव्हती, पण तीही नवी असताना अशीच असणार. मग उठायला तयारच नव्हती, जेवणाचं ताट तिथंच मागवलं.

फ्लॅटमध्ये चारीच्या चारी जाणार, जागा भावानंच काढलीय, खिडकीपाशी. उरलेल्या दोनचं कापड अजून मागावर आहे, झालं की फोटो टाकतो.